उन्हाळी की इन्फेक्शन? लघवीची बाटली देण्याआधी आणि दिल्यानंतर

तालुक्याच्या गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कल्चरच्या, म्हणजे लघवीतले जंतू उगवून ओळखण्याच्या, टेबलावर काम करते. १६ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. कुणी कोणती गोळी घ्यायची हे मी काउंटरवर सांगत नाही, इथेही सांगणार नाही. पण लघवीच्या बाटल्या रोज हाताखालून जातात आणि त्या घेऊन येणारी माणसंही भेटतात, त्यामुळे कोण कुठे घसरतं ते आता पाठ झालंय. बहुतेक जण एकाच जागी घसरतात. आधी गोळी खातात आणि मग बाटली देतात.

एप्रिल-मेमध्ये काउंटरवरचं ठरलेलं वाक्य म्हणजे, "काही नाही हो, उन्हाळी लागलीय." लघवीला आग झाली की आपल्याकडे तिला उन्हाळी म्हणतात, मग महिना कुठलाही असो. शब्द चुकीचा नाही. उन्हात राबून घाम गाळला आणि पाणी पोटात गेलं नाही, की लघवी कमी आणि गडद होते, जाताना चरचरते. सावलीत बसून दोन-तीन तांबे पाणी प्यायलं की संध्याकाळपर्यंत लघवीचा रंग उतरतो आणि चरचर थांबते. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा, कोकम सरबत यांना मिळणारं श्रेय बहुतेक या उन्हाळीतलं असतं. जंतूंचं इन्फेक्शनही त्याच शब्दात कोंबलं जातं आणि आठवडाभर धने-जिरं पीत थांबलं जातं, तिथे घोळ होतो.

जंतू येतात कुठून

"बाहेरच्या कुठल्या तरी घाणेरड्या संडासातून लागलं असेल," हे दुसरं ठरलेलं वाक्य. खरं तर जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले असतात. एश्चेरिशिया कोलाय, म्हणजे ई-कोलाय, हा त्यातला मुख्य. थिओडोर एश्चेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली लहान बाळांच्या शौचात तो पहिल्यांदा पाहिला. साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनमध्ये चारांतल्या तीन वेळा हाच सापडतो. उरलेल्यांत क्लेबसिएला, प्रोटियस, एंटेरोकॉकस आणि तरुण मुलींमध्ये स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफायटिकस.

आतड्यात तो गुण्यागोविंदाने राहतो. गुदद्वारापासून पुढे सरकत तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी पोहोचला की पंचाईत होते. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा १८ ते २० सेंटिमीटरचा. हा त्रास बायकांना इतका जास्त का होतो, याचं अर्धं उत्तर या दोन आकड्यांत आहे. साधारण निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हे दुखणं होतं.

नुसतं पोहोचून जंतूचं भागत नाही, कारण लघवीची धार त्याला बाहेर ढकलत असते. ई-कोलायच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. गोखरूचा काटा धोतराला चिकटावा तसा तो त्यांच्या जोरावर मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो. मग धार आली तरी सुटत नाही. परिस्थिती मनासारखी असेल तर दर २० मिनिटांनी त्याचे एकाचे दोन होतात. तासन्‌तास लघवी दाबून ठेवणं त्याच्या पथ्यावर पडतं ते यामुळे.

त्याला मदत करणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. शरीरसंबंधात जंतू पुढे ढकलले जातात, म्हणून नव्या लग्नानंतर हे दुखणं अनेकींना पहिल्यांदा भेटतं. ते स्वच्छ शब्दांत सांगितलं पाहिजे, कारण या एका गोष्टीवरून घराघरांत नको ते संशय येतात. हा लैंगिक आजार नाही. तो नवऱ्याकडून 'लागलेला' नसतो आणि नवऱ्याला गोळ्या द्याव्या लागत नाहीत. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीतले राखणदार लॅक्टोबॅसिलस जंतू घटतात आणि त्या मोकळ्या जागेत आतड्यातले जंतू येऊन बसतात. मूतखडा, मधुमेह, बद्धकोष्ठ, वाढलेला प्रोस्टेट, ऑपरेशननंतर राहिलेला कॅथेटर, यांतलं काहीही असलं तरी लघवी नीट रिकामी होत नाही किंवा जंतूंना धरायला आधार मिळतो.

संडासाच्या सीटवरून इन्फेक्शन होण्याची शक्यता फार कमी. त्या भीतीपोटी सकाळी आठ ते संध्याकाळी सात लघवीला न जाणं आणि जावं लागू नये म्हणून पाणीच न पिणं, याने मात्र नक्की नुकसान होतं. एसटीने रोज ये-जा करणाऱ्या शिक्षिका, बंदोबस्तावरच्या महिला पोलीस, ऊसतोडीला गेलेल्या बायका यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नाही, त्यांना संडास हवा आहे. मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' ही मोहीम उभी राहिली तीच मुळी पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, या हिशेबावर बोट ठेवून. सीटवर मारायचे सुगंधी फवारे विकत घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की ते पैसे पाण्याच्या बाटलीवर घाला.

पहिली पायरी: लक्षणं नीट ओळखा

मूत्राशयाच्या इन्फेक्शनची चाल ठरलेली असते. सारखी लघवीला लागते, धावत जावं लागतं आणि गेल्यावर चार थेंब येतात. शेवटच्या थेंबाला आग जास्त होते. ओटीपोटात जडपणा असतो. लघवी गढूळ होते, कधी लालसर होते. ताप बहुधा नसतो. पाणी पिऊनही चार-सहा तासांत काहीच फरक पडत नाही, ही उन्हाळीपासून वेगळं करणारी सोपी खूण.

आग आत होते की बाहेर, हे स्वतःला विचारा. लघवी बाहेरच्या कातडीला लागल्यावर झोंबते, खाज आहे, दह्यासारखं पांढरं जातंय, तर ते बहुधा योनीचं बुरशीचं इन्फेक्शन. त्यावर अँटिबायोटिक घेतलं तर ते वाढतं. मधुमेहावरची डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं लघवीतून साखर बाहेर काढतात आणि त्यांच्यामुळे ही बुरशी होऊ शकते. ती चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

लघवीचा नुसता वास येणं हे एकट्याने इन्फेक्शनचं लक्षण नाही. पाणी कमी पडलं, लसूण जास्त झाला, व्हिटॅमिनची गोळी घेतली, तरी वास बदलतो.

आग नाही, दुखत नाही आणि तरी लघवीत रक्त आलं, तर मात्र एकदा लघवी तपासून विषय सोडू नका. विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याने युरॉलॉजिस्टला दाखवलंच पाहिजे. मूत्राशयाचा कॅन्सर असाच, न दुखता सुरू होतो.

दुसरी पायरी: बाटली

माझा सगळ्यात जास्त जीव इथे अडकलेला आहे, म्हणून थोडं लांबणार.

खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली, मुलाचा टिफिनमधला चटणीचा डबा, एकदा तर अत्तराची कुपी, हे सगळं मी काउंटरवर पाहिलंय. रुटीन तपासणीला स्वच्छ डबी चालते. कल्चरला मात्र लॅबमधून मिळणारी निर्जंतुक, सीलबंद डबीच लागते. तिचं झाकण लघवी भरण्याच्या क्षणापर्यंत उघडू नका आणि आतल्या बाजूला बोट लावू नका.

सकाळची पहिली लघवी उत्तम. ती जमली नाही तर आधी तीन-चार तास लघवी केलेली नसावी. नायट्राइट हे रसायन लघवीत जंतू असल्याची खूण असतं आणि ते तयार करायला जंतूंना तेवढा वेळ लागतो. दर अर्ध्या तासाने जाणाऱ्या माणसाचा नायट्राइट निगेटिव्ह येतो आणि तो उगाच निर्धास्त होतो.

हात धुवा. बायकांनी ती जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवून कोरड्या स्वच्छ कापडाने टिपावी. साबण, डेटॉल, सॅव्हलॉन नको, त्याचे थेंब बाटलीत उतरले तर जंतू बाटलीतच मरतात. मग दोन बोटांनी बाजूची त्वचा दूर धरून आधी थोडी लघवी संडासात सोडा, मधली धार डबीत घ्या आणि उरलेली पुन्हा संडासात. सुरुवातीच्या धारेबरोबर कातडीवरचे जंतू वाहून जातात, म्हणून मधली. पुरुषांनी पुढची त्वचा मागे घेऊन हेच करायचं. अर्धी डबी भरली तरी खूप झाली. पाळी चालू असेल तर आम्हाला सांगा किंवा दोन दिवस थांबता येतंय का ते डॉक्टरांना विचारा.

झाकण लावल्यापासून घड्याळ सुरू होतं. दोन तासांच्या आत लॅबमध्ये यायला हवं. नाहीतर डबी पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, तिथे ती २४ तास चालते. फ्रीझरमध्ये नको. मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत ठेवून आधी बँकेत, मग बाजारात जाऊन दुपारी येणाऱ्या बाटल्यांचं मला फार वाईट वाटतं. डिकी म्हणजे जंतूंना उबवणीची पेटीच. २० मिनिटांनी दुप्पट या हिशेबाने तीन तासांत एकाचे ५१२ होतात आणि कातडीवरून चुकून पडलेले चार जंतू रिपोर्टमध्ये दरोडेखोर म्हणून उभे राहतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, अँटिबायोटिकची पहिली गोळी बाटली भरल्यानंतर. हे मी शिकवते आणि माझ्याकडूनच एकदा चुकलं. नात्यातलं लग्न होतं, सात तासांचा बसचा प्रवास. वाटेत कुठे उतरावं लागू नये म्हणून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. दुसऱ्या रात्री आग सुरू झाली. पर्समध्ये दाताच्या दुखण्यातल्या दोन गोळ्या उरलेल्या होत्या, त्या घेतल्या. आग निवली. तिसऱ्या दिवशी कामावर येऊन स्वतःचीच लघवी लावली, तर पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, भरपूर आणि जंतू उगवायची प्लेट कोरी. त्या दोन गोळ्यांनी जंतू मेले नव्हते, फक्त प्लेटवर न उगवण्याइतके दबले होते. आठव्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि उजव्या कुशीत हात लावू देईना. त्या वेळच्या कल्चरमध्ये ई-कोलाय निघाला, त्या गोळीला आता न जुमानणारा. चार दिवस इंजेक्शनं घेतली.

बाटली टेबलावर आल्यावर

आम्ही काय करतो हे कळलं, तर रिपोर्टला दोन-तीन दिवस का लागतात याचा राग कमी येतो. तारेचं एक बारीक कडं असतं, त्यात बरोबर एक मायक्रोलिटर, म्हणजे एका मिलिलिटरचा हजारावा भाग लघवी मावते. ती प्लेटवर रेघोट्या मारत पसरवायची आणि रात्रभर शरीराच्या उष्णतेला उबवायची. सकाळी झाकण उचललं की ई-कोलाय असेल तर मॅककाँकी नावाच्या खाद्याच्या प्लेटवर गुलाबी, कोरडे ठिपके दिसतात. प्रोटियस रक्त मिसळलेल्या खाद्याच्या प्लेटवर लाटांसारखा पसरतो आणि त्याचा मासळीसारखा वास झाकण उघडायच्या आधीच कळतो. स्यूडोमोनास हा आणखी एक जंतू हिरवट दिसतो आणि त्याला चक्क द्राक्षांचा वास असतो.

ठिपके मोजायचे. एका मायक्रोलिटरमध्ये १०० ठिपके म्हणजे मिलिलिटरमागे एक लाख. रिपोर्टवर दिसणारा हा एक लाखाचा आकडा १९५० च्या दशकात बोस्टनच्या एडवर्ड कास यांच्या कामातून रूढ झाला. त्याहून जास्त जंतू असतील तर ते बहुधा खरं इन्फेक्शन, कमी असतील तर बहुधा बाहेरून मिसळलेले. पण ती लक्ष्मणरेषा नाही. स्पष्ट लक्षणं असलेल्या बाईत हजारांच्या घरातला आकडाही खरा असू शकतो.

दुसऱ्या दिवशी त्या जंतूचा पातळ थर नव्या प्लेटवर लावतो, दुधावरच्या सायीइतका. त्यावर औषध शोषलेल्या कागदाच्या गोल चकत्या ठेवतो, कपाळावरच्या टिकलीएवढ्या. ज्या औषधाला जंतू घाबरतो त्या टिकलीभोवती मोकळं वर्तुळ उमटतं. ज्याला घाबरत नाही, तिथे थर थेट टिकलीला भिडतो. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या टिकल्यांना तो असा भिडलेला आमच्याकडे नेहमी दिसतो. एकेकाळी जुलाबापासून सर्दीपर्यंत सगळ्याला याच गोळ्या वाटल्या, त्याची ही वसुली.

तिसरी पायरी: रिपोर्ट वाचणं

रुटीन रिपोर्टमध्ये पस सेल्स ०-५ म्हणजे ठीक. त्याहून जास्त असतील आणि सोबत एपिथेलियल सेल्सही भरपूर असतील, तर बाटली नीट भरली गेलेली नाही, कातडीचे पेशी उतरलेत. गोळ्यांआधी दुसरी बाटली द्या. कल्चरमध्ये 'मिक्स्ड ग्रोथ', म्हणजे तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र, याचाही अर्थ बहुतेक वेळा तोच.

पस सेल्स भरपूर आणि कल्चर मात्र कोरं, असं दोनदा आलं तर सोडून देऊ नका. आधी अँटिबायोटिक घेतलेलं असू शकतं, मूतखडा असू शकतो आणि आपल्या देशात मूत्रमार्गाचा क्षयरोगही असू शकतो. क्षयाचा जंतू आमच्या नेहमीच्या प्लेटवर उगवतच नाही, त्याची तपासणी वेगळी मागावी लागते.

उलटंही होतं. काही त्रास नाही, विम्यासाठी तपासणी केली, पस सेल्स ८-१० आले किंवा कल्चरमध्ये जंतू निघाला आणि लगेच पाच दिवसांच्या गोळ्या सुरू. लक्षणं नसताना लघवीत जंतू असणं वयस्कर बायकांत, मधुमेहींत, कॅथेटर असलेल्यांत अगदी नेहमीचं आहे आणि त्यावर उपचार करायचे नसतात. ठळक अपवाद दोन, गरोदर बाई आणि मूत्रमार्गाच्या आत काही शस्त्रक्रिया व्हायची असेल असा रुग्ण.

औषधांच्या यादीत एस म्हणजे चालेल, आर म्हणजे चालणार नाही. समोर मिलिमीटरचे आकडे असतील तर सगळ्यात मोठा आकडा शोधून "हेच जास्त जबरदस्त" असं ठरवू नका. नायट्रोफ्युरँटॉइनच्या टिकलीला १७ मिलिमीटरचं वर्तुळ पुरतं, सिप्रोफ्लॉक्सासिनला २६ लागतं. प्रत्येकाचं माप वेगळं. यादीच्या शेवटी असलेली मेरोपेनेमसारखी इंजेक्शनं एस आहेत म्हणून साध्या जळजळीला ती मागणारे नातेवाईकही मी पाहिलेत. ती अतिदक्षता विभागासाठी राखून ठेवायची औषधं आहेत.

चौथी पायरी: गोळ्या

पहिल्यांदाच झालंय, वय तरुण, ताप नाही, गरोदर नाही, अशा बाईला डॉक्टर कल्चरची वाट न बघता औषध देतात आणि ते योग्यच आहे. पुरुष, लहान मूल, गरोदर बाई, ताप, मूतखडा किंवा थोड्याच दिवसांत उलटलेलं दुखणं, यांत कल्चर हवंच. तिथेही बाटली देऊन औषध लगेच सुरू होतं आणि रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर बदलतं.

साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला आज जी औषधं आधी आठवावीत ती जुनीच आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन १९५३ पासून वापरात आहे. नेहमीचा डोस १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. जेवणावर घ्यायचं, नाहीतर मळमळतं. लघवी तपकिरी-पिवळी झाली तर घाबरू नका, तो औषधाचा रंग. किडनीचं काम बरंच मंदावलेलं असेल, जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल किंवा बाळंतपण तोंडावर आलं असेल तर हे औषध देत नाहीत. शिवाय ते लघवीत साठतं, किडनीच्या पेशींत पुरेसं उतरत नाही, म्हणून ताप आणि कुशीत दुखणं असेल तर उपयोगाचं नाही.

दुसरं फॉस्फोमायसिन. स्पेनमधल्या मातीच्या नमुन्यातून १९६९ मध्ये सापडलेलं. तीन ग्रॅमची पुडी अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून एकदाच, शक्यतो रात्री लघवी करून झोपण्याआधी, रिकाम्या पोटी. औषध रात्रभर मूत्राशयात राहतं. तिसरं कोट्रायमोक्झॅझोल, तीन दिवस, पण जंतू त्याला दाद देतो हे कल्चरमध्ये दिसलं तर आणि सल्फाची ॲलर्जी नसेल तर.

मेडिकलमधून न विचारता मिळणाऱ्या लघवीच्या गोड सिरपबद्दल. ते लघवीची आंबटता कमी करतं, आग निवते, जंतू मरत नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइन आंबट लघवीत जास्त चांगलं काम करतं, त्यामुळे दोन्ही एकत्र घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. खायचा सोडा पाण्यात घालून पिण्याचा घरगुती उपायही याच जातीचा. ब्लडप्रेशर असलेल्यांनी त्यातल्या सोडियममुळे त्याच्या वाटेला जाऊ नये.

आराम ४८ तासांत पडायला हवा. पडला म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नका आणि 'अजून दोन दिवस घेऊन टाकू' म्हणून वाढवूही नका. तीन दिवसांनी तसंच दुखत असेल तर पुन्हा दाखवा. बरं वाटल्यावर परत कल्चर करायची गरज नसते, गरोदर बायका सोडून. पाकिटावरचा लाल पट्टा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न देण्याच्या औषधाची खूण आहे. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं तर २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, विकताना दुकानदाराने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहायचं असतं. शेजारणीच्या उरलेल्या पाकिटाची नोंद अर्थातच कुठेच होत नाही.

जिथे थांबायचं नाही

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला ठणका, उलट्या. जंतू वर किडनीपर्यंत गेले. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनं लागतात, उपचार साधारण ७ ते १४ दिवस चालतात. मूतखडा अडकलेला आहे आणि वरून ताप आलाय, असं असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलात जा. अडकलेल्या किडनीत पू साठतो, तिथे नुसत्या औषधाने भागत नाही, नळी घालून वाट मोकळी करावी लागते. मधुमेह असेल तर हे सगळं झपाट्याने बिघडतं. श्वास जोरात चाललाय, माणूस गुंगीत आहे, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर ॲम्ब्युलन्स बोलवा.

वेगळी माणसं

गरोदर बाईने पहिल्या काही भेटींतच कल्चर करून घ्यावं, काही त्रास नसला तरी. गरोदरपणात मूत्रनळ्या सैलावतात, जंतूंना वर चढायला सोपं जातं आणि वेळेआधी प्रसूतीचा धोका वाढतो.

पुरुषाला झालं तर कारण शोधायचं. पन्नाशीनंतर बहुतेक वेळा प्रोस्टेट निघतं. उपचार निदान आठवडाभर.

लहान मुलं सांगू शकत नाहीत. सर्दी नाही, खोकला नाही आणि दोन वर्षांखालच्या मुलाला ताप चढतोय, तर लघवी तपासा. चिकटवायच्या पिशवीतली लघवी कल्चरला भरवशाची नसते, ती कशी घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. पुढे सोनोग्राफी सांगितली तर टाळू नका, काही मुलांत लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढत असते.

कॅथेटर असलेल्या आजोबांची लघवी पिशवीतून ओतून आणू नका, नळीवरच्या ठरलेल्या जागेतून नर्सकडून काढून घ्या. आणि आजी एकाएकी असंबद्ध बोलायला लागल्या तर लघवी तपासाच, पण रिपोर्टमध्ये जंतू दिसला म्हणून तेच कारण धरून बसू नका. साखर, सोडियम आणि पक्षाघातही बघायला सांगा.

पुन्हा पुन्हा होत असेल तर

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, की त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात. इथे पाण्याचा पुरावा खरोखर चांगला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या १४० बायका होत्या. त्यांतल्या निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. हृदय किंवा किडनीसाठी पाण्याचं बंधन असेल त्यांनी मात्र हा प्रयोग करू नये.

दिवसा तीन-चार तासांनी लघवीला जा. शरीरसंबंधानंतर जाऊन या. शौचानंतर धुताना हात आणि जेट स्प्रेची धार पुढून मागे. शेवटच्या दोन सवयींना संशोधनाचा भक्कम आधार नाही, पण त्यांना खर्चही नाही. बद्धकोष्ठ मोडा. पाळी गेलेल्या बायकांनी योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारावं. त्याने फरक पडतो, आणि इतक्या साध्या उपायाची चौकशी निव्वळ संकोचाने होत नाही.

क्रॅनबेरीने वारंवार त्रास होणाऱ्या बायकांत थोडा प्रतिबंध होतो, झालेलं इन्फेक्शन बरं होत नाही. डी-मॅनोजची पावडर २०२४ च्या मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरली. मेथेनामाइन हिप्युरेट ही अँटिबायोटिक नसलेली जुनी गोळी मात्र २०२२ च्या ब्रिटिश चाचणीत रोजच्या अँटिबायोटिकच्या जवळपास बरोबरीने टिकली. तिचं नाव डॉक्टरांपुढे काढून बघायला हरकत नाही.

ज्यांना हे दुखणं उलटतं त्यांनी जुने सगळे कल्चर रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून प्रत्येक वेळी बरोबर न्यावेत, मागच्या वेळी जंतूने कशाला दाद दिली यावरून डॉक्टर पहिली गोळी ठरवतात. आणि लॅबमधून एक सीलबंद डबी जास्तीची मागून घरात ठेवावी. ही आग बहुतेक शनिवारी रात्रीच सुरू होते. डबी भरून फ्रिजमध्ये ठेवा, मग डॉक्टरांनी फोनवर सांगितलेली गोळी घ्या, आणि चोवीस तासांच्या आत चालू असलेल्या लॅबपर्यंत ती पोहोचवायची सोय करा. डबीवर नाव आणि भरल्याची वेळ लिहा. बिननावाच्या बाटलीचं आम्हाला काहीच करता येत नाही.